एका दुपारचा रस्ता

वांगणी, शुक्रवार, संध्याकाळ

राग अजून उतरलेला नाही.

परवा दाट धुक्यात लष्कराची दोन हेलिकॉप्टरं आमच्या डोंगरावर एकमेकांवर आदळली. एकच जवान जिवंत सापडला. माझ्या भावाने, सुरेशने, पाड्यातल्या माणसांना घेऊन त्याला झोळीतून खाली आणलं. तो वाटभर आईला हाका मारत होता. त्याच्यावर कसला राग? तो वाचू दे.

पण आज अवशेष न्यायला जेसीबी आला आणि दुपारभरात थेट पाड्यापर्यंत रस्ता झाला. गेल्या पावसाळ्यात वहिनीला, सुरेशच्या बायकोला, याच उतारावरून झोळीतून दवाखान्यात नेत होतो. झोळीतच गेली ती. पोटातलं बाळही. रस्ता मागितला तेव्हा सरकारी कचेरीतले म्हणाले होते, इथे खडक आहे, जमणार नाही.

सुरेशने जेसीबीसोबत आलेल्या सरकारी साहेबांना विचारलं, "आमाला खडक हाय सांगितलेलं. कुठं गेला तो?"

साहेब म्हणाले, "हा तात्पुरता आहे. काम झालं की बुजवायचा."

बुजवायचा?

मी म्हणाले, "साहेब, तुम्ही बुजवायला याल तेव्हा आम्ही सगळे रस्त्यावर बसलेलो असू."

मी शिकवते त्या शाळेत उद्यापासून रजा टाकली आहे.