दारातली घोंगडी

त्रिंबकदादाला आन् वहिनीला जालन्याहून गिरजाचा वाकून नमस्कार. धावड्याला तुम्ही, मेंढरं, समदी सुखरूप असाल.

मी इथं लई मजेत हाय. रामेश्वरचं नवं घर चांगलं उजेडाचं हाय. नळ फिरवला की पाणी. नात प्रांजली माझ्यापाशीच झोपती, पोटावर पाय टाकून. आजून काय पायजे? फोनवर समदे ऐकतात, म्हून लिहून राह्यले.

तू इचारल्तं, माहेरची घोंगडी कुठं अंथरली. पहिल्या दिशी हॉलमधी अंथरल्ती. सुनेला म्हणलं, आपल्यात पावण्याला घोंगडीवर बसवतात. ती म्हणली, "आई, बसायला सोफा आहे ना." सांजच्याला बघते तर घोंगडी दाराबाहेर. म्हणली, "पायपुसणं मस्त झालं, चिखल बराबर निघतो." मी दोनदा आत आणली, दोनदा बाहेर गेली.

मंग रामेश्वर आला. मला वाटलं, हा तरी घोंगडी उचलील. त्यानं तिच्यावर बूट पुसले आन् आत आला. त्याच घोंगडीवर तुझ्या मांडीत बसून त्याचं जावळ काढल्तं, दादा. सून चांगली हाय, चहा येळेवर देती.

वहिनीचे गुडघे कसे हायेत? काळी शेळी व्याली का?

बाजाराला आलास तर वर ये. दारात घोंगडीवर पाय देऊ नको. उचल, झटक, खांद्यावर टाक आन् घरी घेऊन जा. माझं काय, मला इथं गादी दिलीय.

तुझीच,
गिरजा