दिव्याची मागणी

वडवणी, ता. ४ जानेवारी २०२५

ती. मंगलताईस,
सा. न. वि. वि.

माझा फोन पोलिसांनी ठेवून घेतलाय, म्हणून हे पत्र प्रविणदादाच्या हाती. तुला आठवा महिना, मयताच्या घरी जायचं नाही, असं तुझ्या सासूबाई म्हणाल्या. आईला ते पटलं, मला नाही.

आपल्या भावाला, आदिनाथला मोटार चोरीच्या संशयावर ठाण्यात नेलं, तेव्हा मी मागं पळालेली. खिडकीखाली उभी राहून काठ्यांचे आवाज ऐकले; ते थांबले तेव्हा आदि कोठडीतच गेलेला. आता गल्लीत कुणी तूर बडवायला लागलं की मी कान दाबून न्हाणीत बसते. गाव ठाण्यासमोर मंडप टाकून बसलंय, पोलिसांवर गुन्हा दाखल झाल्याशिवाय उठणार नाही. कुणी पुढारी आला की मंडप चालवणारे मोहनरावकाका मला उभं करतात, सांग पोरी म्हणतात. मी सांगते, मग घरी येऊन ओकते.

आईचं निराळंच. जीव गेला तिथंच दहा दिवस दिवा पाहिजे. मी घरी लावला, तर म्हणाली, त्यो हितं न्हाई गेला. मी काय करू?

तुझीच,
दिपाली

घाटनांदूर, ता. ६ जानेवारी

चि. दिपालीस,
अ. उ. आ.

पत्र चुलीपुढं वाचलं. सासूबाईंना वाटलं, धुरानं डोळ्यांत पाणी आलंय. तुझं अक्षर अजून तसंच गं! मुंगळ्यांची मिरवणूक म्हणायचा आदि. आधी हसले, मग लई रडले.

मोहनरावकाकांना सांग, मागण्यांत दिवाही घाला. कोठडीत पणती लावायला कोण नाही म्हणेल? आईला तेवढंच समाधान. आणि तू आता कुणापुढं उभी राहू नकोस. दोन घास खात जा.

येता येत नाही म्हणून माया पातळ झाली असं समजू नकोस.

तुझी ताई,
मंगल

वडवणी, ता. ९ जानेवारी

ती. मंगलताईस,
सा. न. वि. वि.

काकांनी मागणी घातली आणि मोठ्या साहेबांनी तेवढी एकच मान्य केली. काल आईला हाताला धरून आत नेलं. फरशीला फिनेलचा वास होता. आईनं पणती ठेवली, फोटो निघाले. बाहेर येऊन काका माईकवर म्हणाले, प्रशासनानं भावनांचा मान राखला, गुन्ह्याचं चौकशीनंतर बघू. दुपारी मंडप सुटला. बाया मला जवळ घेऊन म्हणाल्या, लई पुण्याचं काम केलंस. ताई, गुन्ह्यासाठी बसलेलं गाव मी दिव्यावर उठवलं. तुझ्यावर राग नाही, मागितलं मीच.

गल्लीत परत तूर बडवायला लागलेत.

आज आम्ही तेल घालायला गेलो, तर शिपायानं गेट उघडलं नाही. परवानगी कालच्यापुरतीच होती म्हणे. आई तेलाची वाटी पदराखाली धरून गेटपाशी बसलीय, उठत नाही. तिच्याशेजारी बसूनच हे लिहितेय.

बाळाची खबर धाड, आणि माझ्यावर लोभ ठेव.

तुझीच,
दिपाली