शुद्धतेचा शिक्का

१२ मार्च

बाईसाहेब,

'प्रिय' लिहावं म्हणून दोन कागद फाडले, मग नाद सोडला. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो. कुकरचं झाकण नीट बसत नाही, त्यामुळे पावावर भागवतोय.

दुकानात लग्नाच्या अंगठ्यांची गर्दी आहे. सगळ्यांना आतून लॅटिनच कोरून हवं. काल समोरचा शिंपी आला, पन्नाशीत लग्नाला उभा राहिलाय. म्हणे, 'सेम्पर तेकुम' कोरा. म्हणजे नेहमी तुझ्यासोबत. मी विचारलं, वहिनींना कळेल का? तर म्हणतो, 'कळलं तर तिच्यापुढे उभा कसा राहू?' मला हसू आलं नाही. नेहमीसारखं आधी पितळेच्या पट्टीवर कोरून दाखवलं, मग सोन्यावर.

लेकीचा फोन आला होता. तू तुझी अंगठी वितळवून तिला कानातले करतेयस म्हणाली. कर, वस्तू तुझी आहे. पण त्याआधी एक सांगायचंय. त्याला चोवीस वर्षं लागली, आता काय म्हणायचं ते म्हण.

लग्नानंतर आठवड्याभरात तू विचारलंस, 'आत हे काय खरवडलंय?' मी म्हणालो, सोन्याच्या शुद्धतेचा शिक्का. साफ खोटं. तिथे 'तिबी सोली' लिहिलंय. फक्त तुलाच. मीच कोरलं होतं. सांगायची वेळ आली आणि माझी बोबडी वळली. पुढे विषय काढायला तोंडच राहिलं नाही.

जाताना तू म्हणालीस, 'या घरात मी भिंतींशी बोलते.' खरंय. तू गेल्यापासून घर खायला उठतं. परत ये.

तुझाच,
घुम्या

१७ मार्च

अहो,

शिक्का म्हणे! शिक्क्याला कधी वेलबुट्टी असते का? आणि तुमचं अक्षर मला ओळखू येत नाही होय? त्याच वर्षी वाचनालयातल्या बाईंना दाखवून अर्थ काढून घेतला. केवढी हरखले होते! रोज वाटायचं, आज सांगतील. शेवटी कंटाळले आणि बॅग भरून ताईकडे आले.

तुमचं पत्र दुपारी मिळालं. अंगठी सकाळीच वितळली. रडले, खोटं कशाला बोलू.

आता बोट दाखवून 'हे वाच' म्हणायलासुद्धा काही उरलं नाही. रविवारी या. ताईसमोर, मराठीत, तोंडाने सांगा. मग ठरवते.

अजून तरी,
तुमचीच