तपासनिसांनी बसून पाहिलेली खुर्ची

प्रिय ठकूबाई,

तू शाळेत आहेस, आई कामावर, आणि मी आज दुकान उघडलंच नाही. नवी खुर्ची येऊन आठ दिवस झाले. काल तू तिच्यात बसून अख्खं चित्र रंगवलंस आणि एकदाही 'बाबा, मला सरळ कर' म्हणाली नाहीस. मीच सवयीने चारदा उठून आलो. शेवटी तू दटावलंस, 'बाबा, जा ना, मी पडत नाहीये!' मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायलो.

तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट कबूल करतो. दीड वर्ष आपण रखडलो, त्यात माझाही हात होता. जुनी खुर्ची तू सहा वर्षांची असतानाची. तुझी पाठ एका बाजूला कलायला लागली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तुझ्या मापाची, पाठीला आणि मानेला आधार देणारी खुर्ची लिहून दिली. विमा कंपनीने कळवलं, ही 'सोयीची वस्तू' आहे, उपचार नव्हे. आम्ही पुन्हा अर्ज केला. तोवर मी, जन्मभर सोफे आणि गाड्यांच्या सीटा शिवणारा माणूस, गप्प कसा बसणार? फोम कापून, पट्टे शिवून मी जुन्या खुर्चीला असा काही आकार दिला की घरी आलेले कंपनीचे तपासनीस खूशच झाले. 'खुर्ची तर उत्तम आहे की!' म्हणाले, आणि तसंच लिहून गेले. अर्ज फेटाळला. आईने ते पत्र माझ्यापुढे ठेवलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्याच हातांचा राग आला.

मग अपील. सुनावणीच्या सकाळी मी सगळा फोम उसवून काढला. कार्यालयात दहा मिनिटांत तू डावीकडे घसरलीस, आणि मी हात बांधून उभा राहिलो. इतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. तेच तपासनीस समोर कागद चाळत होते. तू म्हणालीस, 'काका, तुम्ही बसून बघता का जरा?' मी तुला उचलून घेतलं, आणि ते खरंच बसले! मोठ्या माणसाला ती लहानच पडणार, पण एका कुशीवर कलंडून बसणं म्हणजे काय, ते त्यांना मिनिटभरात कळलं. उठताना ते अडकले, तू खुदकन हसलीस, मग तेही हसले. पंधरा दिवसांनी मंजुरी आली.

पण त्या दिवशी खुर्चीत बसण्याआधी त्यांनी माझा अर्ज मोठ्याने वाचला होता. 'मुलीला आधाराशिवाय बसता येत नाही, एकटीने अंघोळ करता येत नाही, चालता येत नाही, पुढेही येणार नाही.' तू एकदम खिडकीबाहेर बघायला लागलीस. ते मीच लिहिलंय, हे तुला कळलं होतं. तू त्यावर अजून काही विचारलं नाहीस, आणि मी बोलायला गेलो की भलतंच काहीतरी बोलून परत येतो, म्हणून हे पत्र. बेटा, मी लिहिलं ते खोटं नाही. पण तुला काय येत नाही, एवढंच त्यांनी विचारलं होतं. काय काय येतं ते विचारलं असतं, तर मला पुरवण्या मागाव्या लागल्या असत्या.

तुझाच,
बाबा