भरतीचा रकाना

आई,

आज आमच्या ऑफिसच्या फॉर्मवर एक नवा रकाना आला. नाल्यातल्या पाण्याचा नमुना घेताना आम्ही जो कागद भरतो, त्यात आतापर्यंत जागा, तारीख, वेळ, पाण्याचा रंग आणि वास एवढंच असायचं. आता वेळेच्या खाली छापलंय, 'नमुना घेताना भरती की ओहोटी'. सकाळी छापखान्यातून गठ्ठा आला तेव्हा मी वरचे चार कागद काढून घेतले आणि त्यांच्या कोऱ्या बाजूंवर तुला हे लिहायला बसलेय. तू गेलीस तेव्हा मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्यामुळे तुझी मुलगी पालिकेत इंजिनिअर झाली हे तुला ठाऊक नाही, आणि ज्या रस्त्यांवर तू झाडू मारायचीस तिथलेच नाले तिच्या वाट्याला आले, हेही नाही. आले खरे. आणि आता मी ते बघते तेव्हा तुझ्यापुढे मला फार लहान झाल्यासारखं वाटतं.

बाबांच्या जागेवर तुला नोकरी लागली तेव्हा तुला सही करता येत नव्हती. अलिबागकडच्या खारजमिनीत तू वाढलीस. बांधाची उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, कधी उघडायची आणि कधी बंद करायची, एवढं तुझ्या वडिलांनी शिकवलं होतं. खारं पाणी आत शिरलं की भात गेला. त्या शिक्षणावर तू भाईंदरला आलीस आणि तुला अर्ध्या मैलाचा रस्ता आणि त्याच्या कडेचं गटार मिळालं. ते गटार रोज तुंबायचं. बाकीच्या बायका रोज उपसायच्या, मुकादम रोज ओरडायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तू चौथ्या-पाचव्या दिवशी फावडं बाजूला ठेवलंस आणि गटाराच्या कडेने पाण्याच्या उलट दिशेला चालत गेलीस. कोंबडीवाल्याच्या दुकानामागे पिसं आणि आतडी थेट गटारात पडत होती. त्याला तू एक गोणपाट दिलंस. तुझं हिंदी कसलं भारी होतं. "भाऊ, इसमें डालनेका. गटार मेरा है, मैंच साफ करती." त्याला काय वाटलं कोण जाणे, पण त्याने ऐकलं. आठवड्याभरात गटार वाहायला लागलं तर मुकादम म्हणाला, बाई काम कमी करायला बघते. तू म्हणालीस, "व्हय तर. कमीच करायचंय." मी शाळेच्या दप्तरासकट शेजारी उभी होते आणि तू आळशी आहेस असंच मलाही वाटलं होतं.

मग कुरमुरे आले. नाला कुठून कुठे जातो याचा नकाशा तुझ्याकडे नव्हता आणि असता तरी वाचता आला नसता. तू कंबरेला पुडी खोचून निघायचीस. लोकांना वाटायचं बाई खात खात झाडते. तू गटारावरच्या एखाद्या जाळीतून मूठभर कुरमुरे खाली सोडायचीस आणि पुढच्या जाळीशी जाऊन उकिडवी बसायचीस. आले, तर इथलं पाणी तिथलंच. नाही आले, तर पुढच्या गल्लीतल्या जाळीशी जाऊन बसायचीस. एकदा सुट्टीच्या दिवशी तू मला घेऊन खाडीच्या जवळच्या जाळीशी गेलीस. खाली काळं पाणी. मी नाक धरलं आणि वरच्या बाजूच्या नव्या इमारतीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे त्यांचंच. बिल्डिंगवाले घाण करतात." तू कुरमुरे टाकलेस. आणि आई, ते कुरमुरे खाडीकडे गेलेच नाहीत. ते वर निघाले, शहराकडे, एकामागोमाग एक, पांढरे, जणू कुणी बोलावल्यासारखे. माझ्या अंगावर काटा आला होता तो आत्ता लिहितानाही येतोय. तू म्हणालीस, "समुद्र आत येतोय. दिवसातनं दोनदा येतो, आपल्या पायाखालनं. लोकांना ठावूकच न्हाय." आणि मग माझं बोट धरून खाली केलंस. तुझा आवाज चढलेला मी फार वेळा ऐकला नाही, तेव्हा ऐकला. "पानी कुठं चाललंय ते बघितलंस? न्हाय ना? मंग मानसाकडं बोट कशाला करतेस?"

त्या वर्षी माझ्या वाढदिवसाला तू फ्रॉक नाही आणलास, गमबूट आणलेस. दोन बोटं मोठे. मी दिवसभर रडले. पुढच्या वर्षी बरोबर बसतील, तू म्हणालीस, आणि ते बसलेही. पण तोवर मी तुझ्याबरोबर यायचं सोडलं होतं. का सोडलं ते तू कधी विचारलं नाहीस. सातवीत असताना मैत्रिणींबरोबर शाळेतून येत होते आणि चौकाच्या तोंडाशी तू जाळीवर वाकून बसली होतीस, हातात पुडी. एकीने विचारलं, "ती बाई काय करते गं?" मी म्हणाले, "काय माहीत." तू मान वर केली होतीस की नव्हतीस, हे मला आजपर्यंत नक्की सांगता येत नाही. संध्याकाळी घरी मात्र तू मला नेहमीसारखी भाकरी वाढलीस आणि दुसऱ्या दिवशी भरती किती वाजता ते तोंडपाठ म्हणून दाखवलंस. तिथी पाऊणपट केली की भरतीची वेळ. दुज दीड, चवथ तीन, अष्टमी सहा. अक्षर येत नव्हतं, पण पाऊणकीचा पाढा तुला सगळा येत होता.

आता या पावसाळ्यानंतरची गोष्ट सांगते. खाडीच्या तोंडाशी मासळीची जाळी लावणाऱ्या बायकांनी तक्रार केली की मासळीला रॉकेलसारखा वास येतो, गिऱ्हाईक हातात घेऊन परत ठेवतं. काम माझ्याकडे आलं. मी सकाळी अकरा वाजता, ऑफिसची गाडी मिळाली त्या वेळेला, नाल्याच्या तीन जाळ्यांपाशी नमुने घेतले. सगळ्यांत काळं पाणी निघालं ते नळांना मुलामा चढवणाऱ्या एका गाळ्यासमोर. रसायनांचा गाळा, समोर काळं पाणी. मला दुसरं काही बघायची गरजच वाटली नाही. तीन दिवसांत रिपोर्ट आला, तेल भरपूर. गाळ्याला टाळं लावायचा आदेश मीच टाइप केला, आणि खोटं कशाला बोलू, छातीत फुगा भरला होता. गाळेवाला ऑफिसात आला, पांढऱ्या केसांचा, हातावर जुने डाग. "मॅडम, मेरे यहाँ चौदह आदमी हैं. दिवाली सामने है. वो पानी मेरा नहीं है, आप अंदर आके देखो तो सही." मी म्हणाले, "सब ऐसा ही बोलते हैं." दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला टाळं लागणार होतं.

त्या संध्याकाळी मी घरी, सिल्व्हर पार्कला जाताना नाक्यावर बोंबील घ्यायला थांबले. तिथे समुद्रकाठच्या चौक गावाची एक मावशी बसते, तक्रारीवर तिचाही अंगठा होता. मी आनंदाने सांगितलं की सापडला, उद्या बंद करतोय. तिने बोंबील साफ करता करता विचारलं, पाणी कवा घेतलंस? मी वार सांगितला, अकरा वाजता म्हणाले. तिचा कोयता थांबला. "अगं पोरी, त्या दिसाला अवस व्हती. अकराला भरती चढत व्हती. पानी खालनं वर येतंय, तू वरच्या मानसाला धरलंस?" आणि मग हसून म्हणाली, "शिकलीस ना गो तू?" अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला भरती. मला हे येत होतं. तू भाकरी वाढता वाढता शिकवलं होतंस. मी ते तुझ्यासकट बाजूला ठेवून दिलं होतं.

सकाळी उठून पहिल्यांदा तिथी बघितली. चतुर्थी. चवथ तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती, नऊपर्यंत ओहोटी. सातला मी कोपऱ्यावरच्या भय्याकडून कुरमुऱ्यांची पुडी घेऊन गाळ्यावर हजर. शटर अर्धं उघडलेलं, गाळेवाला पूजा करत होता. मला पाहून त्याला वाटलं टाळं घेऊनच आली. मी म्हणाले, "अंदर आके देखने को बोला था ना आपने." आत त्याने तीन टाक्या ओळीने ठेवल्या होत्या. नळ धुतलेलं पाणी पहिल्या टाकीतून दुसऱ्या, तिसऱ्या टाकीत आणि तिथून परत पहिलीत. पाण्याचा टँकर परवडत नाही म्हणून केलं, म्हणाला. त्याला ते मोठं काही केल्यासारखं वाटतच नव्हतं. मी त्याच्या मोरीत कुरमुरे टाकले आणि बाहेरच्या जाळीशी बसले. एक नाही आला. आणि त्या जाळीखालचं पाणी, जे अमावास्येला काळं होतं, ते ओहोटीत नुसतं गढूळ वाहत होतं. मग मी खाडीकडे चालत निघाले. एक जाळी, दुसरी, तिसरी. चौथ्या जाळीपासून पाण्यावर तेलाचे रंग. मागे मोटरसायकल-स्कूटरच्या गॅरेजांची रांग. मागच्या मोरीत कुरमुरे टाकले आणि धावत नाल्याच्या तोंडाशी गेले. आले, आई. काळ्या पाण्यावर पांढरे, एक, मग चार, मग सगळे, आणि चिखलातले निवटे मासे टुणकन त्यांच्यामागे. मी ओळखपत्र गळ्यात घालून त्या चिखलाच्या काठाला उकिडवी बसले होते आणि मला हसू येत होतं आणि रडूही. एवढं मोठं शहर, त्याच्याखाली एवढा अंधार, आणि तू मूठभर कुरमुऱ्यांनी तो वाचत होतीस.

त्या रांगेतलं तिसरं गॅरेज माझं. म्हणजे माझी स्कूटर तिथेच जाते, सहा वर्षं. पोरगेलासा मालक लाजून म्हणाला, "मॅडम, जला हुआ ऑइल और कहाँ डालें? कोई लेने नहीं आता." मी सहा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं की माझं जुनं तेल कुठे जातं. मासळीच्या वासात माझाही वाटा होता आणि मी चौदा माणसांच्या पोटावर टाळं लावायला निघाले होते. अकराच्या आधी ऑफिसात जाऊन मी साहेबांना सांगितलं, नमुना चुकीच्या वेळी घेतला, चूक माझी. साहेब आधी चिडले, मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, सांग नीट. सगळं ऐकून त्यांनी आदेश फाडला.

नंतर जे झालं ते तुला आवडलं असतं. गॅरेजांना टाळं ठोकायचं नाही असं मी हट्टाने मांडलं. तुझं गोणपाट माझ्या डोळ्यांसमोर होतं. आता त्या रांगेच्या टोकाला जळक्या तेलाचं पिंप आहे, ते न्यायला परवाना असलेली गाडी येते, आणि तेल दिल्याची पावती दाखवल्याशिवाय गॅरेजचा परवाना पुढे सरकत नाही. गाळेवाल्याच्या तीन टाक्या बघायला आम्ही बाकीच्या गाळेवाल्यांना नेलं. तो सदरा बदलून आला होता आणि अर्धा तास बोलला. नाला उपसायचं मशीन त्या रस्त्याला कमी वेळा जातं. कुणी म्हणेल काम कमी करायला बघते. व्हय तर. परवा मावशीने बोंबील माझ्या नाकाशी धरला आणि म्हणाली, हुंग.

आणि हा रकाना. बैठकीत तो मी मांडला तेव्हा मोठ्या साहेबांनी कागद बाजूला ठेवला. म्हणाले, इतकी वर्षं आपण नमुने घेतोय, हे साधं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? तुम्हाला कुठून सुचलं? खोलीत बारा-पंधरा जण होते. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. माझी आई याच पालिकेत झाडूवाली होती, तिने शिकवलं. एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "वाचलं होतं कुठेतरी."

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून घरात आलेला प्रत्येक कागद मी तुला मोठ्याने वाचून दाखवायचे, लाइटबिलसुद्धा. हेही तसंच वाचायला हवं, तुझ्या फोटोसमोर बसून. दोनदा सुरुवात केली. कुरमुऱ्यांपर्यंत नीट येते. बैठकीतल्या त्या एका वाक्यापाशी आवाज निघत नाही. म्हणून कागद घडी करून गमबुटात ठेवतेय. हो, ते अजून आहेत, आता ते मला फार लहान होतात.