सीताफलम कुसुम

६ जानेवारी २००९
कुसुमला आज सरकारी दवाखान्याच्या जिन्यातच बसावं लागलं. सहा पायऱ्या चढलो होतो फक्त. डॉक्टरनं मशीनवर छाती पाहिली. हृदयाची झडप आवळलीय, ऑपरेशनच लागेल, हैद्राबादला. किती थांबता येईल म्हटलं, तर म्हणाला, थांबू नका.
खाजगीत किती लागतात तेही त्यानं सांगितलं. तो आकडा इथं लिहीत नाही. पांढरं, म्हणजे इकडं गरिबाचं, रेशनकार्ड आहे का, विचारलं. आहे. मग काळजी नाही, सरकारी योजनेत फुकट होतं म्हणाला.
बाहेर आल्यावर कु.नं चहा मागितला आणि दोन बिस्किटं खाल्ली. माझाही कप तिलाच दिला.

७ जाने.
प्रेसमध्ये राजन्नाला सांगितलं. मालक असून माणूस बरा आहे. "कार्ड हाय ना? मग कायको डरते?" त्याचं मराठी असंच. लग्नपत्रिकांचं तेलुगू तो लावतो, मराठी-हिंदी मी. सहा वर्षं झाली पैनगंगा ओलांडून आदिलाबादला येऊन. लोकांच्या पत्रिकांतल्या वेलांट्या दुरुस्त करून पोट भरतो.

९ जाने.
योजनेच्या खिडकीवर गेलो. आतल्या माणसानं कार्ड पाहिलं, डॉक्टरची चिठ्ठी पाहिली आणि दोन्ही परत सरकवली.
"ये कौन है?"
"मेरी बीवी."
"कार्ड में दूसरी औरत है."
फोटो तिचाच आहे, म्हटलं. फोटो नहीं, नाम देखो, म्हणाला. काय देखू? कार्ड तेलुगूत. सहा वर्षं या कार्डावर तांदूळ आणला, वाचता एक अक्षर येत नाही.
घरी पल्लवीला दिलं. पाचवीत आहे, तेलुगू शाळेत. तिनं बोट ठेवून वाचलं, "सीताफलम विलास. सीताफलम कुसुम. सीताफलम पल्लवी." आणि खो खो हसत सुटली.
कु.नं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "थो कार्डवाला आला व्हता ना, तवा तुमी प्रेसमदी व्हते. इंटि पेरु, इंटि पेरु करे. इंटि म्हंजे घरचं, येवढंच मले मालूम व्हतं. मले वाटलं, घरी पेरूचं झाड हाये काय, असं इचारून राह्यला. मी म्हनलं, पेरू नाई बावा, सीताफळ हाये. त्यानं लेहून घेतलं."
"आई! पेरु म्हंजे नाव! इंटि पेरु म्हंजे आडनाव!"
मग आम्ही तिघंही हसलो. रेशन दुकानदार सहा वर्षं "सीताफलम" अशी हाक मारायचा. कु.ला वाटायचं, मेला फळं मागतोय. दर हंगामाला पिशवी भरून द्यायची त्याला. हे आठवून ती पुन्हा हसली आणि हसता हसता तिला धाप लागली. तिला भिंतीला टेकवून बसवलं. बराच वेळ श्वास जागेवर येईना.

१२ जाने.
मंडल ऑफिस, म्हणजे इथलं तहसील. साडेदहाला गेलो, कारकून बाराला आला. त्याला नवल काहीच वाटलं नाही. यांच्या आडनावांत वांग्याचं घराणं असतं, चिंचेचं असतं, मग सीताफळाचं का नसावं?
"तुम्हारा असली क्या है?"
"खोब्रागडे."
"खोबरा भी खाने काच है ना?" म्हणाला आणि शेजारच्याला तेलुगूत सांगितलं. दोघं हसले. मीही हसलो. का हसलो कुणास ठाऊक, लाज वाटतेय आता.
नाव दुरुस्त करायचं तर दरखास्त द्या, चौकशी होईल, मग हैद्राबादचा कंप्यूटर. किती दिवस? त्यानं हात वर केले. "तुम महाराष्ट्र वाले लोगां. उधर क्यों नहीं करा लेते?"

१५ जाने.
केलं तेही. कु.चा भाऊ भाऊराव पांढरकवड्याला असतो. तो तिकडच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. पुन्हा बस, पुन्हा जिना. मेहुण्यानं तिला अक्षरशः उचलून वर नेलं.
खिडकीवरची बाई शुद्ध मराठी बोलणारी. "ताई, बसा ना. पाणी देऊ का? कार्ड आंध्राचं आहे ना तुमचं? मग आमच्याकडे नाही होत हो." सहा वर्षांपूर्वी इथल्या कार्डावरचं नाव मीच कापून घेतलं होतं, त्याशिवाय आदिलाबादचं कार्ड मिळत नव्हतं. तेही त्या बाईनं गोड आवाजात समजावून सांगितलं. आदिलाबादच्या कारकुनानं निदान तोंड वाकडं करून हाकललं होतं. हा गोडवा जास्त झोंबला.
भाऊराव बाहेर येऊन म्हणाला, "भाऊजी, तुमी लोक आता कोनाचेच नाई राह्यले." त्याला वाईट वाटत होतं म्हणून बोलला. मी त्याच्या हातून आमची पिशवी काढून घेतली.

१९ जाने.
राजन्नाची अक्कल अशी : कार्ड बदलायच्या नादी लागू नको, बाकीचे कागद बदल. तपासणी पुन्हा कर, चिठ्ठीवर कार्डातलंच नाव सांग. वर एक शपथपत्र, की आम्ही सीताफलम. चार दिवसांत काम होतं.
माझं डोकं फिरलं. आमच्या बाबांना शाळेत दाराबाहेर बसवायचे. तिथं बसून ते हे आडनाव लिहायला शिकले. आणि मी शपथेवर सांगू की ते आमचं नाही? घरी येऊन हेच सगळं कु.समोर ओकलो.
ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी माहेरची ठमके. तुमच्या घरी येऊन खोब्रागडे झाली. तवा मले कोनं इचारलं व्हतं? आता सीताफळ झाली त तुमचं काऊन येवढं दुखून राह्यलं?"
मी तिच्या शेजारी बसून खडे वेचू लागलो.

२२ जाने.
पुन्हा तपासणी. तोच डॉक्टर, तीच झडप. नाव सांगताना मी कु.कडे पाहिलं नाही. डॉक्टरनं एकदा मान वर करून पाहिलं, मी सांगितलं तेच लिहिलं. त्याचे उपकार.
शपथपत्र राजन्नानं तेलुगूत लावलं. प्रूफ पाहायला मला येईना. पल्लवीनं पाहिलं. वयात चूक सापडली तिला. माझी पोर माझ्या खोट्या कागदाचं प्रूफ तपासतेय आणि मला तिचा अभिमान वाटतोय, असली ही गत.
सहीच्या वेळी राजन्ना शेजारी उभा होता. "सीताफलम विलास." केली.

२ फेब्रु.
मंजूर. आठवडाभर खेपा घातल्या. खिडकीवरचा माणूस तोच, या वेळी त्याला सगळं बरोबर दिसलं. बाई तीच आहे, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

४ फेब्रु.
हैद्राबादची बस. पल्लवीची शाळा बुडवून तिला सोबत घेतलंय, तिच्याशिवाय आम्ही दोघं मुके. वाटेत निर्मल गावाला बस थांबली तेव्हा कु.ला उलटी झाली. पाय सुजलेत. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "पोरीले एकटं नोका पाडू." कशाबद्दल बोलतेस, म्हटलं. डोळे मिटून घेतले तिनं.

७ फेब्रु.
वॉर्ड. इथं सगळे तिला सीताफलम म्हणतात. हाक आली की ती लगेच हात वर करते, मला दोनदा ऐकावं लागतं. बाजूच्या खाटेवरच्या बाईनं तिची वेणी घातली. दोघींना एकमेकींचं कळत नाही, गप्पा मात्र चालू.
डॉक्टर तरुण आहे. पल्लवीमार्फत म्हणाला, आणखी महिनाभर उशीर झाला असता तर हात लावला नसता. कार्डावरचं नाव बदलत बसलो असतो तर तो महिना कागदांनीच खाल्ला असता. परवा सकाळी पहिला नंबर.

९ फेब्रु. सकाळी
काल संध्याकाळपासून कु. उपाशी. हिरवे कपडे घातले, बांगड्या काढून पल्लवीच्या हातात दिल्या. गाडीवर झोपवून नेलं. मी दारापर्यंत.
एवढ्यात संमतीचा कागद आला. पल्लवी बांगड्या ठेवायला वॉर्डात गेलेली. नर्सनं बोट ठेवलं तिथं सही केली.
योजनेचा इथला माणूस कागद घेऊन धावत आला. "ये किसका दस्तखत है?"
पाहिलं. वि. ना. खोब्रागडे. शाळेपासून करत आलोय तशीच, शेवटच्या रेघेसकट.
"पेशंट सीताफलम. आप उसके कौन लगते?"
नवरा, म्हटलं. लिखा हुआ नहीं है, म्हणाला. शपथपत्र दाखवलं. त्यात मी सीताफलम, कागदावर खोब्रागडे. नवा कागद द्या, पुन्हा करतो, म्हटलं. आता नाही, म्हणे. त्याला शंका आलीय, पेशंट बोगस आहे म्हणून. फाइल वर साहेबाकडे गेली. पुढच्या नंबरचा माणूस आत नेला.
तोंड फोडावंसं वाटलं. त्याचं नाही, माझं.
तिची गाडी भिंतीला लावून ठेवलीय. मी जवळ गेलो. "काऊन थांबवलं वो?" म्हणाली.
"डॉक्टर नाश्त्याला गेलेत."
"जाऊ द्या बिचाऱ्याले. भुकेल्या हातानं कापाले नोको."
साडेनऊ वाजलेत. बाकावर बसून लिहितोय, म्हणजे तिला माझं तोंड दिसणार नाही. पल्लवी वरच्या मजल्यावर गेलीय, साहेबाला तेलुगूत सांगायला, की हा माणूस माझ्या आईचा नवराच आहे.