दिवाणखान्यातला झुला

४ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
नव्या घरात सामान लागलं. तुझ्या भावजयीनं दिवाणखान्यात सर्कशीची चित्रं फ्रेम करून लावली आहेत. विदूषक, सायकलवरचं अस्वल, तारेवरची छत्रीवाली. सध्या म्हणे हीच फॅशन आहे. मधली जागा रिकामी आहे. तुमच्या सर्कशीच्या पेंटरनं रंगवलेलं तुम्हा दोघांचं झुल्याचं चित्र देशील का? तुझ्या खोलीत ओल लागून खराबच होणार. गुडघे काय म्हणतात? की अजून माळ्यावरचा डबा उडी मारूनच काढतेस?
लोभ आहेच, तो राहू दे.
तुझा धाकटा

११ जून
चि. धाकट्यास,
अ. आ.
हसावं की रडावं कळेना. तुझ्या लग्नात तू सगळ्यांना सांगत होतास, ताई शिवणकाम करते. मला झुल्यावर झेलणाऱ्या माणसाशी मी लग्न केलं, तर तू आला नाहीस. त्यांना कधी उंबरा ओलांडू दिला नाहीस. आता सर्कस भिंतीवर चालते, बरं झालं.
चित्र पाठवते. जिवापाड जप. ह्यांचा एकही फोटो नाही, कॅमेरा दिसला की तंबूमागं पळायचे. ते गेल्यापासून सकाळचा चहा मी त्या चित्रासमोरच घेते. तरी देते आहे. निदान भिंतीवर तरी ते तुझ्या घरात मधोमध असतील.
भावजयीला आशीर्वाद.
ताई

२ जुलै
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
चित्र झकास दिसतं. येणारा आधी तिकडंच वळतो. जुन्या बाजारात मिळालं असं आम्ही सांगतो, उगाच चौकशा नकोत. सोबत फोटो धाडलाय. फ्रेम जरा अरुंद निघाली, म्हणून डावी बाजू कापावी लागली. तू मात्र पूर्ण आली आहेस.
रविवारी माझे साहेब जेवायला आहेत, तेव्हा तू नंतर सावकाश ये.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
धाकटा

९ जुलै
धाकट्या,
फोटो पाहिला. मी हवेत हात पसरून आहे आणि पुढं कोणीच नाही. कापलेला भाग लगेच पाठव. चुरगळला असला तरी चालेल.
ताई

१५ जुलै
ती. ताईस,
सा. न.
फ्रेमवाल्याकडं जाऊन आलो. असले तुकडे रद्दीत जातात म्हणाला. हा माणूस कोण असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, असं हिचं म्हणणं पडलं, आणि मलाही ते पटलं. तुला इतकं लागेल असं वाटलं नाही. उरलेल्या चित्राची मोठी प्रत काढून, चांगली फ्रेम करून तुला पाठवतो.
रागावू नकोस.
धाकटा

२२ जुलै
धाकट्या,
प्रत नको. चित्रही राहू दे, पाहुण्यांना आवडतंय.
ह्यांच्या जाड भुवया आठवतात, कानामागचा तीळ आठवतो. काल हनुवटी आठवेना. दुपारभर खिडकीशी बसून राहिले. शेजारीण जेवायला बोलवायला आली, तिला म्हटलं, जरा थांबा. ती बराच वेळ दारात थांबली, मग गेली.
आज सकाळीही आठवली नाही.
ताई